भिकाजी मिस्त्रींचा घरगुती गेज

गॅरेजात बसायची सवय लागली की दोन गोष्टी आपोआप जमा होतात. एक म्हणजे सदऱ्याच्या खिशात नट-वॉशर आणि दुसरं म्हणजे किस्से. नट-वॉशर आमच्याकडे धुण्याच्या दिवशी सापडायचे. किस्से मात्र कुठेही सापडतात. परवा दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडून बसलो होतो, आणि भिकाजी मिस्त्री आठवून असं हसू फुटलं की डॉक्टर दचकून मागे सरला. म्हणाला, "आजोबा, दात मी काढायचेत, तुम्ही नाही!"

आता हसलोच आहे तर सांगूनच टाकतो.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं. मी शेवगावच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. बाजारतळाच्या पुढे भिकाजी मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज होतं. मिस्त्री पलटणीच्या वर्कशॉपातून रिटायर होऊन आलेले. खाकी हाफपँट, कानावर पेन्सिल, आणि इंजिनाशी बोलताना आवाज माणसांशी बोलतानापेक्षा मऊ! पार्टिशनच्या पलीकडे त्यांचं घर. सोनाबाई वहिनी तिथून सगळं ऐकायच्या आणि फार थोडं बोलायच्या. पण जे बोलायच्या ते लक्षात राहायचं. शेजारी पांचाळांचं लेथ मशीन. पांचाळ दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत. त्यातली सहा 'हं' असायची.

एवढीच माणसं. बाकीची येऊन-जाऊन.

*

माझ्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. सपाट रस्त्याला बरी चालायची, पण जरा चढ आला की मला उतरून तिच्याबरोबर चालावं लागायचं. एका रविवारी तिला मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी प्लग काढला, त्या भोकावर उजव्या हाताचा अंगठा दाबून धरला आणि म्हणाले, "मारा किक."

मी किक मारली. फुस्स!

"कॉम्प्रेशन गेलं," मिस्त्री म्हणाले. "पिस्टन वर येतो तवा आतली हवा दाबली जाती ना, तिच्यावर सगळा जोर. रिंगा झिजल्या की हवा बाजूनं पळती. अंगठा कसा फाडकन उडाया पायजे! ह्यो नुसता लाजला."

मी सायन्सचा मास्तर. गप्प बसवेना. विचारलं, "पण किती आहे?"

"किती म्हंजे?"

"म्हणजे किती पौंड?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, कॉम्प्रेशन हाय. बटाटे न्हाईत!"

सगळे हसले. मीही हसलो आणि घरी आलो. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघतो तर मिस्त्री स्टाफरूमच्या दारात उभे! हाफपँटवर इस्त्रीचा सदरा घातलेला. हेडमास्तरांना वाटलं, कुणाचे तरी पालक आलेत.

मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "रात्रभर झोप न्हाई. ते पौंडाचं काय म्हनत हुता?"

*

कॉम्प्रेशन मोजायचं यंत्र मुंबई-पुण्याकडे मिळतं, हे मला माहीत होतं. मिस्त्रींना ते विकत घ्यायचं नव्हतं. "इकत घेतलं तर कळंल कसं?" हा त्यांचा सवाल. मग ठरलं, आपणच करायचं. पण दाब दाखवणारा गेज तरी हवा. त्यासाठी आम्ही एस.टी.नं नगरच्या भंगारबाजारात गेलो.

तिथे एका दुकानात, जुन्या हेल्मेटांच्या ढिगाखाली, पितळेचा गोल गेज निघाला. शून्य ते दोनशे पौंड, एकच काटा, काच शाबूत. मिस्त्रींचे डोळे चमकले. दुकानदाराला विचारलं, "हे कशावरचं हाय?"

दुकानदार म्हणाला, "मिलिटरीचं घड्याळ आहे. एक काटा पडलाय, तेवढा बसवून घ्या. एकदम बरोबर टाइम देईल!"

आम्ही त्याला काही सांगायला गेलो नाही. घड्याळ म्हणूनच घेतलं.

परतीच्या गाडीत मिस्त्री गेज मांडीवर घेऊन बसलेले, आणि दर दोन मैलांनी रुमालानं पुसायचे. शेजारी एक फेटेवाले पाव्हणे होते. अर्धा तास त्यांनी त्या वस्तूकडे टक लावून बघितलं. शेवटी न राहवून विचारलं, "किती वाजलं?"

मिस्त्रींनी गंभीरपणे गेज बघितला आणि म्हणाले, "आजून शून्यच."

पाव्हण्यांनी मान डोलावली. "तरीच म्हनलं, गाडी लई लवकर आली!"

*

आता बनवणं. जुना प्लग घेतला, त्यातली चिनीमाती फोडून काढली. राहिलं नुसतं आटे असलेलं लोखंडी बूड. त्याला वर पितळी पाइप जोडायचा आणि पाइपाच्या टोकाला गेज. मी पांचाळांना फळ्यावर शिकवल्यासारखं सगळं समजावलं. हवा कशी दाबते, दाब सगळ्या दिशांना कसा सारखा असतो, वगैरे. पाऊण तास! पांचाळ शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "भोक किती सुताचं?"

जोडणी झाली. माझ्याच मोटारसायकलीवर बसवली. किक मारली की काटा उडायचा आणि पडायचा. पुन्हा किक, पुन्हा उडी. नाचणाऱ्या काट्याचा आकडा वाचणार कसा?

मी म्हटलं, "मिस्त्री, हवा आत गेली की परतही येतेय. मधे असा व्हॉल्व हवा, की जो हवा जाऊ देईल पण येऊ देणार नाही. टायरच्या ट्यूबला असतो ना, तसा."

मिस्त्री "व्हय" म्हणाले, पक्कड घेऊन बाहेर गेले आणि दोन मिनिटांत व्हॉल्वची पिन घेऊन हजर! पांचाळांनी ती गेजाच्या खाली बसवली. पुन्हा किक. काटा चढला तीसवर आणि तिथेच थांबला! दुसऱ्या किकला पन्नास. मग साठ. मग सत्तर. आणि सत्तरवर असा उभा राहिला की हलायचं नाव नाही.

वहिनी पार्टिशनमधून बाहेर आल्या. आम्ही चौघं त्या काट्याकडे नुसते बघत उभे होतो. मिस्त्री पुटपुटले, "सत्तर पौंड. डोळ्यानं बगितलं."

अंधार पडायच्या आत घरी जावं म्हणून मी गाडी बाहेर काढली. मागचं चाक सपाट!

मी वळून बघितलं. मिस्त्री अजून गेजाकडेच बघत होते. म्हणाले, "मास्तर, हवा हिकडची तिकडं गेली. वाया न्हाई गेली!"

*

पुढच्या आठवड्यात मला एक शंका आली. व्हॉल्व वर गेजाजवळ आहे, म्हणजे खालचा पाइपही इंजिनाची पोकळी झाला. जागा वाढली की दाब कमी. पांचाळांनी व्हॉल्व खाली, प्लगच्या बुडात बसवून दिला. आणि काय आश्चर्य! त्याच गाडीचे सत्तरचे पंच्याऐंशी झाले.

मला केवढा आनंद! मिस्त्री मात्र अस्वस्थ. "गाडी तीच, मानसं तीच, आन् आकडे दोन. उद्या तिसरा निघाला तर? ह्यो गेज खरं बोलतो कशावरनं?"

प्रश्न बिनतोड होता. दोन दिवस विचार करून मी तोड काढली. पाण्याचा सव्वादोन फुटांहून किंचित जास्त उंचीचा स्तंभ एक पौंड दाब देतो. सत्तर फुटांचा पाइप उभा धरून पाण्यानं भरला, तर खाली तीस पौंड यायलाच पाहिजेत. पण सत्तर फूट उंच काही गावात नव्हतं. मग खोल शोधायचं! पांचाळांच्या मामांची विहीर होती, सत्तर फूट खोल आणि पार कोरडी. दुष्काळाचे दिवस, कोरड्या विहिरींना तोटा नव्हता.

मिस्त्री दोर धरून गेज घेऊन तळाशी उतरले. मी वर काठावर रबरी पाइपाचं तोंड धरून उभा. पांचाळांनी अर्धी कळशी पाणी हळूहळू त्यात ओतलं. पाइप तोंडोतोंड भरला. मी ओरडलो, "किती?"

खालून आवाज घुमला, "तीस! मास्तर, तीस! बरोब्बर तीस!"

त्या आनंदात आमच्या लक्षातच आलं नाही की बांधावर सात-आठ माणसं उभी आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांचाळ धावत शाळेत आले. त्यांचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. "मास्तर, लोक विहीर खनायला लागलेत!"

गावात बातमी पसरली होती. सायन्सच्या मास्तरांनी मशीन लावून पाणी बघितलं, तळापासून तीस फुटांवर आहे!

आम्ही तिघं तिथे पोचलो तेव्हा दहा-बारा जण खाली टिकाव मारत होते. मिस्त्री काठावर उभे राहिले. मग सरळ म्हणाले, "हितं पानी सापडलेलं न्हाई. आमी वरनं पानी सोडून आमचं मशीन तपासत हुतो. चूक आमची हाय."

टिकाव थांबले. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एक म्हातारी होती, ती तेवढी म्हणाली, "अर्धी कळशी पानी त्या नळीत घातलं म्हनं. मंग ते कुनी पेलं?"

ते पाणी आम्ही विहिरीतच सोडून दिलं होतं.

मिस्त्रींनी सदरा काढला, दोर धरला आणि खाली उतरून टिकाव हातात घेतला. मागोमाग पांचाळ, मागोमाग मी. शाळेत रजेची चिठ्ठी नव्हती, पण परत फिरायचं तोंडही नव्हतं. लोकही पुन्हा खणायला लागले. म्हणाले, आता इतकं खणलंय तर बघू. उन्हं डोक्यावर येईपर्यंत खणलं. मुरूम लागला, खडक लागला. पाणी नाही लागलं.

वर आलो तर तीच म्हातारी लोटा घेऊन उभी. माझ्यापुढे धरून म्हणाली, "प्या मास्तर. पन मोजू नगा!"

*

यंत्राची कीर्ती मात्र झालीच. लोक नुसतं बघायला यायचे. कुणी विचारायचं, ह्यावर ताप कळतो का? एकानं म्हैस आणली होती. मिस्त्रींनी हात जोडून परत पाठवली.

एकदा तालमीतला एक पैलवान आला. दार भरेल एवढी छाती. त्याला समजावून सांगितलं की हा गेज हवेचा जोर मोजतो. पैलवान म्हणाला, "आना हिकडं. फुकून दावतो."

मी म्हटलं, "अहो, ते माणसाचं काम नाही." पण मी असं म्हणायलाच नको होतं.

पैलवानानं नळी तोंडात धरली. छाती फुगली, मान फुगली, डोळे बाहेर आले, कान लालबुंद झाले. काटा जागचा हलला नाही! पुन्हा फुंकलं. काटा शांत. गॅरेजात आठ-दहा लोक जमलेले. कुणाची हसायची छाती नव्हती.

"जाम झालाय ह्यो!" पैलवान म्हणाला.

मिस्त्रींनी सायकलचा पंप जोडला आणि दोन-तीनदा मारला. काटा चाळीसवर.

पैलवान त्या पंपाकडे बघत राहिला. दांडी, लाकडी मूठ, बारीकशी नळी. त्याचा चेहरा असा पडला की मला वाईट वाटलं. हळूच म्हणाला, "म्हंजे मी ह्या पंपापरीस बी..."

मिस्त्रींनी पंप उचलून त्याच्या हातात दिला. "पैलवान, ह्याला उद्या आखाड्यात न्या. कुस्ती लावा. मंग बोलू!"

*

पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण आज सांगतो.

मी एक वही केली होती. गाडी आली की आधी मिस्त्री अंगठा लावून अंदाज सांगायचे, मग गेज लावायचा आणि मी दोन्ही आकडे लिहायचो. पहिल्या दहा-बारा गाड्यांत अंगठा आणि गेज यांत पाच पौंडांच्या वर फरक पडला नाही. मी थक्क झालो होतो! माणसाचा अंगठा इतका बरोबर असू शकतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मग एके दिवशी एक जीप आली. मिस्त्री अंगठा लावून म्हणाले, "एकशेधा." गेज म्हणाला साठ.

"गेज बिघडला," मिस्त्री म्हणाले.

तो माझ्या मोटारसायकलीला लावून बघितला. बरोबर होता. पुढच्या गाडीला पुन्हा तेच. अंगठा नव्वद, गेज पंचावन्न. तिसऱ्या गाडीला मिस्त्रींनी अंगठा लावलाच नाही. म्हणाले, "मास्तर, ती वही बंद करा. पोरखेळ झाला." आणि आत निघून गेले.

मला वाटलं, हरले म्हणून चिडले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला थांबवलं. "मास्तर, परवा त्यांचा अंगठा तापल्या सायलेन्सरला लागला. कातडं जळाल्याचा वास मला आला. त्यांला कळलं न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "आन् दोन म्हयने झाले, येगळ्या ताटात जेवतात. म्या इचारलं तर वरडतात."

मी मिस्त्रींसमोर जाऊन बसलो. बराच वेळ ते पाना पुसत राहिले. मग डावा हात उजव्या अंगठ्यावर झाकून म्हणाले, "आमच्या गावात येक जन हुता. त्याची बोटं आधी अशीच बधिर झाली. मंग झडली. त्याला वेशीबाहेर खोपटं बांधून दिलं हुतं."

त्या रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. म्हटलं, "उद्या सकाळची गाडी. मी येतोय बरोबर."

नगरला एका डॉक्टरांनी तपासलं. कापसानं, टाचणीनं. कातडीवर चट्टा आहे का बघितलं. मग मनगटाच्या आतल्या बाजूला बोटानं टकटक केली, तसे मिस्त्री एकदम कळवळले. डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षं पाने फिरवताय?"

"सत्तावीस."

डॉक्टर हसले. "तुम्हाला वाटतंय तो रोग नाही हा. मनगटात नस दाबली गेलीय. हात बांधून ठेवू, विश्रांती द्या. नाही उतरलं तर छोटंसं ऑपरेशन करू."

जिना उतरून आम्ही स्टँडवर आलो. हॉटेलात मी एक प्लेट भजी मागवली. त्यांनी माझ्याच प्लेटमधलं भजं उचललं, तोंडात टाकलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तोंडातलं भजं संपल्यावर म्हणाले, "मास्तर, डॉक्टर काय म्हनला? नस दाबली गेली. म्हंजे इतके दिवस गाड्यांत हुडकत हुतो, आन् कॉम्प्रेशन निघालं माझ्याच हातात!"

*

हात सहा महिने फळीला बांधलेला होता. अंगठ्याला जाण परत आली, पण हळूहळू. तोवर पांचाळ खोल-जोड करायचे आणि गेज वहिनींच्या हाती आला. वहिनी चौथी पास, आकडे पक्के. मिस्त्री स्टुलावर बसून सांगायचे, वहिनी करायच्या. पंधरा दिवसांनी मिस्त्रींना सांगायला काही उरलंच नाही. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं, हेही त्या शिकल्या. तेलानं झिजल्या रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात, त्यामुळे आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्वचा. ते तेल इंजिन चाललं की जळून जातं.

असं सगळं चालू असताना एका बाजारच्या दिवशी जामखेडकडचा एक शेतकरी आला. साधा, हडकुळा माणूस, नाव बाबूराव. चारा संपला म्हणून त्यानं बैलजोडी विकलेली. त्या पैशात जुनी जीप घ्यायची आणि खेडोपाडी माणसं ने-आण करायची, असा बेत. जीप विकणारा इथलाच एक दलाल होता. भारी टेरिकॉटचा सदरा, तोंडात पान. दोघांनी ठरवलेलं, शेवगावचा गेज सांगेल ते खरं.

जीप आली. पण कशी? बैल जुंपून! दलाल म्हणाला, "बॅटरी उतरली हो. इंजिन एकदम टकाटक, नवीन रिंगा टाकल्यात!"

बाबूराव जीपकडे बघतच नव्हता. तो बैलांकडे बघत होता. जवळ जाऊन त्यानं एकाच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

वहिनींनी चारही प्लग काढले. पांचाळांनी पुढे हँडल लावून इंजिन फिरवलं. पहिल्या सिलिंडरला गेज लावला. एकशेतीस! दुसरा, एकशेतीस. तिसरा, एकशेपस्तीस. चौथा, पुन्हा एकशेतीस!

मी वहीत लिहिता लिहिता थांबलो. इतका आकडा आम्ही कुठल्याच जीपला बघितला नव्हता. मिस्त्री स्टुलावर पुढे वाकले, पण बोलले नाहीत. गेज आता वहिनींचा होता.

दलाल हात चोळत म्हणाला, "बघा बाबूराव! मशीन काय खोटं बोलतं का? काढा, इसार द्या!"

बाबूरावानं बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. म्हणाला, "बाई सांगंल तसं."

ती जीप त्यानं घेतली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे महिन्याभरानं मिस्त्रींनी त्याला दुसरी बघून दिली, साधी शंभर-शंभर पौंडांची. ती त्यानं बरीच वर्षं चालवली. पण त्या दिवशी ते सगळं पुढचं होतं. त्या दिवशी तो बंडीत हात घालून उभा, दलाल पान चघळत उभा, आणि आम्ही सगळे वहिनींकडे बघत उभे.

वहिनींनी काढलेल्या प्लगांमधला एक उचलला. त्याच्या टोकावरून बोट फिरवलं. बोट अंगठ्यावर चोळून उजेडात धरलं. ते तेलानं लखलखत होतं. मग पदराला हात पुसला आणि दलालाला शांतपणे म्हणाल्या,

"पाव्हणं, नवरीला तेल-हळद लावून आनलीय तुमी. आधी आंघुळ घालून आना, मंग वय सांगते!"